समुद्रावरची गळाची मासेमारी: दिवसाला किती मासे ठेवायचे, कोणते सोडायचे?

गोदाकाठ

दिवाळीनंतरच्या शनिवार-रविवारी नाशिकहून आम्ही आठजण जव्हारमार्गे पालघरच्या किनाऱ्यावर गळ टाकायला जातोय. पहिला दिवस खाडीच्या तोंडाशी आणि कातळावर, दुसरा दिवस बोटीत. आठातले तिघे आजवर फक्त गंगापूर आणि दारणा धरणांच्या गोड्या पाण्यावर बसलेले आहेत. म्हणून निघण्यापूर्वी नियम एका कागदावर लिहून प्रत्येकाच्या हातात द्यायचे ठरवले आहे.

हौशी माणसाने दिवसाला किती मासे घ्यावेत याचा काही सरकारी आकडा आहे का? कोणता मासा केवढा असेल तर सोडायचा? आणि आकडा नसेल तर आपण किती धरावा? माझे मत आधीच सांगतो: आठ जणांत एकच आइस बॉक्स न्यायचा आणि तो भरलाच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. पण नुसत्या मतावर माणसे ऐकत नाहीत, कारणे लागतात. जाणकारांनी लिहावे.

खाडीचा_वारा

आधी कायद्याचे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ चालतो. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती होऊन दंड वाढले. त्याचा सगळा रोख नौका, जाळी, परवाने आणि बंदीचा काळ यांवर आहे. हौशी गळवाल्याने दिवसाला अमुक नग घ्यावेत असा आकडा त्यात नाही.

तरीही चार गोष्टी तुम्हाला लागू पडतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना बंदी असते, म्हणजे त्या काळात बोट भाड्याने घेऊन गळ टाकायला जाता येत नाही. तुमची सहल दिवाळीनंतरची आहे, ती अडचण नाही. दुसरी, नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले. त्याहून लहान मासा पकडायचा नाही. सरंगा पापलेट, जो त्याच वर्षी राज्यमासा झाला, त्याला १३५ मिलिमीटर. यादी मत्स्यव्यवसाय विभागाकडे मिळते, तिची प्रत गाडीत ठेवा. तिसरी, वन्यजीव संरक्षण कायद्यातले मासे. चौथी, अभयारण्ये. शेवटच्या दोन्हींवर सवडीने लिहितो, कारण खरी फसगत तिथे होते.

सातपूर_एमआयडीसी

म्हणजे आकडा नाही. मग मिळतील तेवढे घ्यावेत. ट्रॉलर टनांनी ओढतात, आपल्या आठ गळांनी समुद्र रिकामा होणार आहे का?

बोईट

सातपूरभाऊ, समुद्र रिकामा होणार नाही, पण खाडीचे एक तोंड रिकामे होते. जाळे सगळे एकत्र ओढते. गळवाला मात्र एकाच खडकाच्या आडोशाला, एकाच पुलाच्या खांबाशी, दर आठवड्याला त्याच जातीचा मोठा मासा शोधतो. जिताडा, तांबोशी, गोबरा हे जागा धरून राहणारे मासे आहेत. एका खांबाशी तीन-चारच तांबोशी असतात, त्या काढल्या की ती जागा बराच काळ मोकळी पडते.

पापलेटचे १३५ मिलिमीटर सगळ्यांना पाठ झाले आहेत, पण पापलेट गळाला क्वचितच लागतो, तो जाळ्याचा मासा. आपल्या गळाला काय येते ते पाहून आकडे धरले पाहिजेत.

जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हा बदल बहुधा ८० ते १०० सेंटीमीटरच्या आसपास होतो. म्हणजे मीटरभर लांबीचा जिताडा तुम्ही खांद्यावर टाकून फोटो काढलात तर ती हमखास मादीच असते, आणि अशी एक मादी लाखांच्या घरात अंडी घालते. गोबऱ्याचे उलट आहे: तो मादी म्हणून सुरू होतो, मोठे थोडे नर होतात. खडकावरचा सगळ्यात मोठा गोबरा काढला तर त्या घोळक्यातला नरच जातो.

तांबोशीचे तर फार कमी लोकांना ठाऊक असते. खाडीत, तिवरांच्या मुळांत गळाला येणारी तांबोशी बहुतेक अजून एकदाही न व्यालेली असते. ती लहानपण खाडीत काढते आणि मोठी झाल्यावर बाहेरच्या खोल खडकांकडे जाऊन वीण करते. ही जात तीस वर्षांहून जास्त जगू शकते. खाडीतली दोन किलोची तांबोशी ताटात मोठी दिसते, पण तिच्या आयुष्याच्या हिशोबात ती पोर आहे.

म्हणून माझे म्हणणे, नुसता किमान आकार पुरत नाही. खालची हद्द तशी वरचीही हद्द हवी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला जिताड्यासाठी हाच नियम आहे: ५८ सेंटीमीटरच्या आतला सोडायचा, १२० च्या वरचाही सोडायचा, आणि एका माणसाकडे पाचच. तांबोशी ३५ सेंटीमीटरच्या वरची, पाच नग. त्यांचे पाणी वेगळे, माशांची संख्या वेगळी, पण जिताड्याचे शरीर तेच आहे.

सातपूर_एमआयडीसी

नर-मादीचे हे माहीत नव्हते, पटले. पण ५४ जातींचा नियम नौकांच्या कायद्याखालचा आहे ना? कातळावर उभा राहून गळ टाकणाऱ्याला कशाला?

खाडीचा_वारा

वकिली वाद घालता येईल, पण तो घालून मिळणार काय? आकडा काढताना मासा निदान एकदा विणीला यावा हा विचार असतो. मासा जाळ्यात मेला की गळाला, त्याची वीण चुकते ती चुकतेच. केरळने आपल्या आधी असे आकार लावले, तिथे तारली १० सेंटीमीटर आणि बांगडा १४. आपल्या यादीत नसलेल्या माशाला तुम्ही स्वतः आकडा धरा, पण यादीतल्याला पळवाट शोधू नका.

आता वन्यजीव कायदा. व्हेल शार्क २००१ पासून संरक्षित आहे. करवत मासा, समुद्री घोडा, काही मुशी (शार्क) आणि पाकट (रे मासे), महाकाय गोबरा हेही त्यात आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, ही यादी आणखी वाढली. मुशीच्या पिल्लाची जात किनाऱ्यावर उभे राहून ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. त्यामुळे साधा नियम: गळाला मुशी किंवा पाकट आले की पाण्यातच ठेवून तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) गरीजवळ, म्हणजे हुकाजवळ, कापायचा. कासव अडकले तर ओढून वर घ्यायचे नाही, जाळीच्या पिशवीत उचलायचे आणि गरी खोल असेल तर वनविभागाला कळवायचे. कोळ्यांच्या जाळ्यात संरक्षित प्राणी सापडला आणि त्यांनी जाळे कापून तो सोडला, तर नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना राज्यात २०१८ पासून आहे. बोटवाल्या तांडेलांना हे सांगा, सगळ्यांना माहीत असतेच असे नाही.

अभयारण्यांत मालवणचे नाव आधी घ्यावे लागते. १९८७ चे, सुमारे २९ चौरस किलोमीटरचे, आणि त्याच्या गाभ्यात सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर येतो. किल्ल्याच्या तटाखालून लुअर (खोटे आमिष) मारायचे स्वप्न अनेकांचे असते. ते सोडून द्या.

निफाडकर

आपल्याकडचे नांदूरमध्यमेश्वरही तसेच. १९८६ पासून अभयारण्य, २०२० मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ. पक्षी बघायला आलेले काहीजण गाडीत दांडी ठेवून येतात आणि बंधाऱ्याखाली गळ टाकता येईल का विचारतात. नाही. आणि इतर धरणांवर मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, तिथे संस्थेची परवानगी घेऊनच बसायचे.

पंचवटी_रॉड

गोड्या पाण्यावरून आठवले म्हणून विचारतो. गंगापूरची तिलापियाची पिल्ले बादलीत जिवंत नेली आणि जिताड्याला आमिष म्हणून वापरली तर? हवेचा पंप आहे, पाच तास टिकतात.

बोईट

कृपा करून नेऊ नका. तिलापिया खारट पाणी सहन करतो, गरीवरून सुटलेला किंवा संध्याकाळी बादली रिकामी करताना टाकलेला खाडीच्या वरच्या भागात आणि पाणथळीत वस्ती करतो. बादलीच्या पाण्यातून रोगही जातात. थाई मांगूरबाबतही हेच, त्यावर तर देशात २००० पासून बंदी आहे. धरणावर गळाला थाई मांगूर आला तर परत पाण्यात सोडायचा नाही. सोडण्याचा नियम इथल्या माशांसाठी आहे.

आमिष तिथलेच घ्या. सकाळी कोळीवाड्यात जिवंत कोळंबी मिळते, बोईट मासे पागाने (हाताने फेकायच्या जाळ्याने) तिथेच धरता येतात. जिताड्याला तळहाताएवढे बोईट वरच्या ओठातून ओवलेले, त्याहून चांगले आमिष नाही.

भरती_ओहोटी

गोदाकाठ, तिथी बघून निघा. आकड्यांचा घोळ नको असेल तर कोकणातले जुने गणित: तिथीला तीनने गुणा, चाराने भागा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमेला सव्वाअकराला. सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, त्यापासून साधारण सहा तासांनी. रोज भरती जवळजवळ ५० मिनिटांनी पुढे सरकते. पंधरा-वीस मिनिटांचा फरक धरायचाच, पक्क्या वेळेसाठी भरतीचे तक्ते बघा.

पालघरचा किनारा सपाट आहे. सुकतीला पाणी खूप आत जाते आणि लोक त्याच्यामागे कातळावर लांब चालत जातात. भरती लागली की समोरच्या आधी मागची खळगी भरतात आणि परतीची वाट बंद होते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, हे फार झपाट्याने होते. सुकतीच्या वेळेचा गजर लावा आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात किनाऱ्याकडच्या बाजूला या. जिताडा तसाही ओहोटीच्या शेवटच्या तासाला आणि भरतीच्या पहिल्या तासाला खाडीच्या तोंडाशी जास्त खातो.

गोदाकाठ

भरतीचे गणित सगळ्यांना पाठवले. आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आकडा नगावर धरावा की किलोवर? आमच्यात दोन तट आहेत.

करंदी

मोठ्या माशाला नग, लहानाला किलो.

तंगूस_३०

करंदीताईंचे बरोबर, त्यामागचे कारण लिहितो. मोठ्या माशाला किलोची मर्यादा घातली की माणूस सकाळचा दीड किलोचा मासा मेलेला असताना संध्याकाळी चार किलोचा लागला म्हणून आधीचा पाण्यात फेकतो. आकडा पाळला जातो, मासे मात्र दोन मरतात. नगावर मर्यादा घातली तरी हे होऊ शकते, म्हणून सोबत एक ओळ लिहा: बर्फात ठेवलेला मासा मोजला गेला, तो बदलून मिळणार नाही.

मुडदुशी, डोमा, बोईट यांना नग मोजत बसणे व्यर्थ आहे, तिथे माणशी किलोवर धरा.

दुसरी गोष्ट, माणशी आकड्यावर बोटीचाही आकडा हवा. माणशी पाच म्हटले की आठ जणांचे चाळीस होतात. आणि जो जास्त पकडतो तो दुसऱ्याच्या नावावर मासे घालतो, हे होतेच. बोटीचा एकूण आकडा ठरला की ती वाट बंद होते.

एका किलोच्या अख्ख्या माशातून डोके, काटे, आतडी काढून खाण्याजोगे साधारण निम्मे उरते. चार माणसांच्या घरी दोन वेळच्या कालवणाला दोन किलो अख्खा मासा पुरतो. तिथून उलट हिशोब करा.

सातपूर_एमआयडीसी

हा हिशोब आवडला. पण सोडलेला मासा जगतो का? नाहीतर पकडून सोडणे म्हणजे मारून फेकणेच.

तंगूस_३०

प्रश्न रास्त आहे. उत्तर मासा, गरी आणि हाताळणी यावर ठरते.

गरी. जिवंत आमिषाला गोल वळलेली सर्कल हुक वापरा, जिताड्याला ४/० किंवा ५/०. हिचे टोक आत वळलेले असते, त्यामुळे मासा गिळून वळला की ती घशातून घसरत येऊन ओठाच्या कोपऱ्यात बसते. नवखा माणूस सवयीने झटका मारतो आणि गरी तोंडातून निसटते. झटका नको, दांडी तशीच धरून रीळ सावकाश फिरवायचे. मुडदुशीला ८ नंबरची बारीक गरी चालते, पण मोठी गरी लावली तर लहान मासा मुळातच लागत नाही, हा अर्धा नियम गरीनेच पाळला जातो. लुअरवरच्या तिहेरी गऱ्या काढून एकेरी लावा, आणि गरीवरचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. गरी स्टेनलेसची नको, साधी पोलादी घ्या. माशाच्या पोटात राहिली तर गंजते.

गरी खोल गेली असेल तर ओढायची नाही. तंगूस तोंडाजवळ कापायचा.

हाताळणी. हात ओले करा, कोरड्या हाताने आणि फडक्याने माशाचा चिकट थर निघतो आणि तिथून जखम सडते. कल्ल्यात बोटे घालू नका. जिताड्याच्या कल्ल्याचे झाकण वस्तऱ्यासारखे असते, त्यात तुमचेही बोट जाईल आणि दोरीही, म्हणून पुढे ४० ते ६० पौंडांचा लीडर (गरीजवळचा जाड दोरीचा तुकडा) लागतोच. मोठा मासा जबड्याने उभा लटकवू नका, वजनाने मणका आणि पोटातले अवयव ताणतात. एक हात जबड्याशी, दुसरा पोटाखाली, आडवा. फोटो काढायचा असेल तर आधी कॅमेरा तयार, मग मासा पाण्याबाहेर. तुमचा श्वास जेवढा रोखता येईल तेवढाच वेळ.

खोल पाणी. बोटीत बसून १५-२० मीटरच्या खालून गोबरा ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात, कधी पोट तोंडातून बाहेर येते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, तो सुटला की हवा पसरते. असा मासा नुसता सोडला तर तरंगत राहतो आणि घारी नेतात. बाहेर आलेले पोट टोचू नका. एक-दीड किलोच्या शिशाला काटा दाबलेली मोठी गरी उलटी बांधा, ती माशाच्या खालच्या जबड्यात अडकवून त्याला तळाकडे सोडा आणि खाली गेल्यावर दोरीला हिसका द्या. वजन परत येते, मासा तिथेच राहतो.

आणि सुरमई, कुपा (टूना) हे मासे सोडल्यावर फारसे जगत नाहीत. सतत पोहत राहिले तरच त्यांच्या कल्ल्यांतून पाणी जाते, झुंजीत दमले की संपतात. त्यामुळे त्यांच्यासाठी पकडा-सोडा चालत नाही. ठरलेला आकडा भरला की त्या माशावरची लुअर काढून ठेवायची.

पंचवटी_रॉड

शेंगटी लागली तर? गोड्या पाण्यावरच्यांना सवय नसते.

खाडीचा_वारा

शेंगटीला पाठीवर एक आणि बाजूंना दोन असे तीन विषारी काटे. पायाखाली धरून गरी काढायला जाऊ नका, लांब पकडीने काढा. काटा लागलाच तर ४५ अंशांच्या आसपासच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, विष उष्णतेने निकामी होते. पाण्याचा चटका दुसऱ्या, निरोगी हाताने तपासा, दुखणाऱ्या हाताला कळत नाही. काटा आत तुटला असेल तर दवाखाना, धनुर्वाताचे इंजेक्शनही. पाकटाच्या नांगीलाही हेच. थर्मासमध्ये गरम पाणी न्या, चहाचेही काम होते.

करंदी

चिंबोरी आली आणि पोटाखाली अंड्यांचा पिवळा-केशरी पुंजका असेल तर लगेच परत. शेवंडाचेही तसेच. आणि ठेवलेला मासा नासवू नका, नाशिकपर्यंत चार-पाच तास आहेत. मासा मेल्या मेल्या कल्ल्याजवळ चीर देऊन रक्त जाऊ द्या, मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राच्या पाण्यात. वाटेला लागताना पाणी काढून किलोला किलो बारीक बर्फ. सुरमई आणि बांगडा उन्हात दोन तास राहिले तर हिस्टामिन तयार होते, ते शिजवूनही जात नाही, तोंडावर लाल चट्टे येतात. बर्फ नाशिकहून नेऊ नका, बंदरावर मिळतो.

भरती_ओहोटी

अजून एक. डोल जाळ्यांच्या (खुंटांना बांधून ठेवलेल्या जाळ्यांच्या) खुंटांजवळ बोट लावायची नाही, तिथे गळ टाकायचा नाही. ते ज्याचे त्याचे ठरलेले ठिकाण असते, लुअर अडकली की जाळे फाटते. कोळीवाड्यात आधी विचारा कुठे बसलेले चालेल. आणि आपला मासा विकायचा नाही. बोट घेताना तिला प्रवासी नेण्याची परवानगी आणि माणशी लाइफ जॅकेट आहे का, ते आधी बघून घ्या.

सातपूर_एमआयडीसी

मी बदललो. माझ्याकडून: जिताडा माणशी एक, ६० ते ८० सेंटीमीटर. तांबोशी दोन दिवसांत बोटीला एक.

बोईट

खाडीतली तांबोशी शून्य धरा. बोटीतून बाहेरच्या खडकावरची एखादी ठेवली तर चालेल.

गोदाकाठ

ठरले. दोन दिवसांचे मिळून: जिताडा माणशी एक, ६० ते ८० सेंटीमीटर, आणि आठ जणांत पाचच्या वर नाहीत. खाडीतली तांबोशी सगळी परत, बाहेरची एक. गोबरा सगळ्यांत मिळून दोन, मध्यम आकाराचे. सुरमई सगळ्यांत मिळून चार, मग लुअर बंद. लहान मासे माणशी दीड किलो. मुशी, पाकट, अंडी असलेली चिंबोरी परत. यादीतल्या ५४ जातींना सरकारी आकार. हे आइस बॉक्सच्या झाकणावर लिहितो, शेजारी सेंटीमीटरच्या खुणा करतो.

तंगूस_३०

खुणा करताना शून्य झाकणाच्या कडेला घ्या आणि तिथे एक उभी लाकडी पट्टी ठोका. माशाचे तोंड मिटवून पट्टीला टेकवायचे, शेपटी सरळ करून टोकापर्यंत मोजायचे. शेपटीच्या खाचेपर्यंतची लांबी कमी भरते, ती वेगळी मोजतात, सगळ्यांना एकच पद्धत सांगा. मार्कर ओल्या थर्माकोलवर दुपारपर्यंत पुसला जातो, वरून रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावा. आणि ६० व ८० या दोन खुणा लाल करा, हलणाऱ्या बोटीत आकडे वाचत बसायला वेळ नसतो.